गिलासाचे दोन टोले

लीले,

तुझ्या आठवणीसाठी वाचनालयवाले एक छोटी पुस्तिका काढून राहिलेत, आणि तिच्यात त्यांना माझा तो निबंध हवाय. तोच, ‘अंतरपाट आणि अबोध मन’. सचिव फोनवर म्हणाले, “मॅडम, सिस्टरबाईंच्या कादंबरीत तुमच्याइतकं खोल कुणीच उतरलं नाही.” मी “बघते” म्हणून फोन ठेवला. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. सतरा दिवसांत मी धड रडलेली नाही. रडायला बसलं की आधी तुझा राग येतो, आणि रागात मला रडू फुटत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

म्हणून निबंध देत नाही, हे देते. हे तुझ्याशी भांडण आहे, आणि ते छापूनच येणार आहे. तूही माझ्याशी जे केलंस ते छापूनच केलंस ना?

पुस्तिका वाचणाऱ्या सगळ्यांना आपण दोघी कोण ते ठाऊक नसेल, तेव्हा थोडं सांगते. तू कंटाळू नको. तू कळमनुरीजवळच्या तांड्यावरची, मी शिरड शहापूरच्या शेतकऱ्याच्या घरची. हिंगोलीच्या मुलींच्या वसतिगृहात आपल्याला एक खोली मिळाली, तिला एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीवरून आपलं पहिलं भांडण झालं. पुढं तू नर्सिंग केलंस, उपकेंद्रात सिस्टर झालीस, गावोगाव लेकरांना लस टोचत फिरलीस. मी मराठीची प्राध्यापक झाले आणि पुस्तकांना टोचत बसले. हा विनोद तुझाच. महिन्याच्या मीटिंगला तू हिंगोलीला आलीस की दुपारचं जेवण माझ्याकडे, स्वयंपाकघरात खाली बसून, ताटाला ताट लावून. इतक्या वर्षांत एखाददुसराच महिना चुकला असेल.

माझ्या लग्नात तू माझ्या मागं उभी होतीस. भटजींना आवाजाची भारी हौस, मंगलाष्टकं संपता संपेनात. माझ्या आईच्या लुगड्याचा अंतरपाट धरलेला, पलीकडं ह्यांच्या फेट्याचा तुरा तेवढा हलताना दिसत होता. तू माझ्या कानाशी वाकून विचारलंस, “मंदे, अन् ह्यांनी हा खाली घेतलाच न्हाई तर?” मला एवढं हसू आलं की आईनं दंडाला चिमटा काढला. ही गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना सांगितली, हसवायला म्हणून. मग निबंधातही घातली, पुरावा म्हणून.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी तू ‘अंतरपाटाचं गाव’ लिहिलंस. कुणाला वाटलं होतं, लसीचे डबे वाहणारी बाई एका कल्पनेतल्या जगाची कादंबरी लिहील म्हणून! धरणाच्या फुगवट्याकाठचं गाव, येणाऱ्या कुठल्याशा काळातलं. तिथं कायदा असा की भांडणं तोंडं बघून होतात, तेव्हा लग्नातला अंतरपाट खाली घ्यायचाच नाही. आईच्या लुगड्याचा तो पाट घराच्या मधोमध आढ्याला बांधायचा आणि दोघांनी दोन बाजूंना नांदायचं. ताट खालून सरकवायचं. पाणी हवं असलं की नवरा रिकामा गिलास फरशीवर दोनदा वाजवतो आणि बायको भरलेला गिलास कापडाखालून सारते. तुझ्या नायिकेला नाव नाही. चाळीस वर्षं ती पाणी देते. एक दिवस उंदरांनी कापड कुरतडलेलं दिसतं, म्हणून ती ते सोडते, तर पलीकडं कुणीच नाही. चाळीस वर्षांतले सगळे गिलास तिथं ओळीनं उभे आहेत, काठोकाठ भरलेले. तेवढ्यात पुन्हा दोन टोले ऐकू येतात, आणि ती पाणी आणायला उठते. इथं तू कादंबरी संपवलीस.

ते वाचून मी दोन दिवस कॉलेजात कुणाशी धड बोलले नव्हते. का, ते आता कळतंय. तेव्हा मला वाटलं, मोठी कलाकृती वाचली की असंच होतं.

आणि मग मी माझी हत्यारं काढली. व्हिएन्नाच्या त्या दाढीवाल्या डॉक्टरांना तू ‘तुझे दाढीवाले मामा’ म्हणायचीस. त्या मामांना मी तुझ्या घरात घुसवलं. लिहिलं की आईच्या लुगड्याचा अंतरपाट म्हणजे नवराबायकोच्या मधे उभी राहिलेली आईच. गिलासाचे दोन टोले म्हणजे बापाचा हुकूम, जो लेखिकेनं लहानपणी ऐकला आणि पुढं नवऱ्याच्या तोंडी, नव्हे हाती, दिला. पलीकडं कुणी नसणं म्हणजे लेखिकेच्या स्वतःच्या संसारातला नवरा, देहानं हजर आणि मनानं गैरहजर. एवढ्यावरही थांबले नाही मी. शेवटी लिहिलं, “लेखिका हे नाकारेल. ती जितक्या जोरानं नाकारेल तितकं आपलं वाचन खरं ठरेल.” ह्या वाक्यावर मी फार खूश होते, लीले. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं होतं घरी.

आमच्या कॉलेजच्या सभागृहात मी तो निबंध वाचला तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस, आणि तुझे देवराव गुरुजी, माझे भाऊजी, तुझ्या शेजारी. तालुक्यातले पाच-पन्नास शिक्षक मागं. मी ‘मनानं गैरहजर नवरा’ म्हटलं तशी मागच्या रांगांतून मुंडकी भाऊजींकडं वळली. भाऊजी समोर बघत राहिले, वर्गात तपासणीला साहेब आल्यावर मास्तर बसतात तसे. तू टाळ्या वाजवल्यास, सगळ्यांच्या आधी. बाहेर येऊन माझा गाल ओढलास आणि म्हणालीस, “मंदे, लई भारी वाचलंस. मला अर्धं समजलं न्हाई, पर बराबरच असंल.” भाऊजींनी कुठूनतरी पाणी आणलं. “घ्या ताई, घसा सुकला असंल.” मी त्यांच्या हातचं पाणी घटाघटा प्याले आणि मनात म्हणाले, आता आलंय बघा उमाळून, अपराधी वाटत असेल बिचाऱ्याला.

काय मी! काय माझं शिक्षण!

त्यानंतर आपला एक वाद सुरू झाला, तो शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं, लिहिणारीला ठाऊक नसतं ती काय लिहून बसलीय. तुझं म्हणणं, “असंल बा. अन् वाचणारीला ठाऊक असतंय का, ती काय वाचून राहिली ते?” हे तू वांग्याच्या भाजीत भाकरी बुडवत, खाली मान घालून म्हणालीस. मी म्हटलं, वा, काय बोललीस! आणि दुसऱ्या दिवशी हे वर्गात पोरांना सांगितलं. तू माझ्या तोंडावर सांगत होतीस आणि मी टिपणं काढत होते. तुला तेव्हा हसू आलं असेल, नाही? का रडू आलं होतं?

गेल्या रविवारी मी कळमनुरीला गेले. निबंध परत छापायचा तर भाऊजींना विचारलेलं बरं, एवढंच डोक्यात. ते बाहेरच्या खोलीत तुझ्या फोटोखाली बसले होते, वर्तमानपत्र उलटं धरून. तुझी रेखा नांदेडहून आलेली. तिनं चहा आणला, मला कप हातात दिला, आणि बापाचा कप न बोलता स्टुलावर ठेवून आत गेली. त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही पोरीनं. मी विचारलं, “भाऊजी, छापू ना?” ते म्हणाले, “छापा ताई. लीलाची तशीच इच्छा होती.”

तुझी इच्छा! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मला तहान लागली. मी काही बोलायच्या आत भाऊजी उठले, माठाजवळ गेले, गिलास विसळला, भरून माझ्या हातात दिला. आणि मी, दाढीवाल्या मामांची भाची, ते पाणी हातात धरून त्यांना विचारते काय, “भाऊजी, तुमचं ते गिलास वाजवणं कधी सुटलं?”

“माझं?” ते म्हणाले.

दाराशी रेखा येऊन उभी राहिली होती. “सांगा ना बाबा,” ती म्हणाली. “मावशी विचारून राहिल्यात.”

भाऊजी रेखाकडं न बघता मला म्हणाले, “ताई, मी घरात आलो की माझं मीच घेतो पाणी. ती दिवसभर गावं फिरायची, पाय सुजायचे तिचे. मी तिला काहून उठवू?” मी म्हटलं, मग कादंबरीत? ते म्हणाले, “आमच्या लग्नात तर अंतरपाट बी नव्हता. तांड्यावर लागलं लग्न. मुसळाभोवती फेरे घेतले, झालं. कापड कुणी धरलंच न्हाई.”

पन्नास पानांचा निबंध लिहिला होता मी, लीले. अंतरपाटावर. लेखिकेच्या लग्नातल्या अंतरपाटावर! आणि तुझ्या लग्नात तो होता का, एवढं तुला विचारायचं मला सुचलं नव्हतं. लसीकरणाला आलेलं पोरगं बी तुला आधी नाव विचारायचं.

रेखा म्हणाली, “खोटं आहे. आईपण असंच म्हणायची. म्हणायची, कथा हाय ती बाई, तुझे बाबा तसले न्हाईत. पण मावशी, तुम्हीच लिहिलंय ना, ती नाकारील म्हणून? जितकी नाकारील तितकं खरं म्हणून?” तिचे डोळे भरले होते. “दोन वर्षं झाली. मी ह्यांच्याशी नीट बोलत नाही.”

लीले, मला वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. माझं ते आवडतं वाक्य. तू पोरीला खरं सांगत होतीस आणि माझ्या वाक्यानं तुझं प्रत्येक खरं खोटं करून टाकलं होतं. तिला सुटायला फट म्हणून ठेवली नव्हती मी.

भाऊजी आतून एक डायरी घेऊन आले. उपकेंद्राची जुनी डायरी, कोपरे चावलेली. “ही तुम्हाला द्यायची म्हणून ठेवली होती तिनं. मी म्हणलं जाळून टाकू. ती म्हणली, न्हाई, मंदाला द्या, पर मी गेल्यावर.” रेखा ऐकत होती. मी तिथंच डायरी उघडून तिच्यासमोर वाचायला हवी होती. नाही वाचली. पिशवीत टाकली आणि हिंगोलीची गाडी पकडली. पळाले मी, दुसरा शब्द नाही.

गाडीत खिडकीला टेकून वाचली. तुझं अक्षर, औषधांची नावं लिहून लिहून तिरकं झालेलं.

“मंदाकडं जेवले. मंदा अबोध मनाबद्दल सांगून राहिली होती, मस्त सांगते. बाहेरच्या खोलीत दाजी जेवत होते. त्यांनी गिलास वाजवला, दोनदा. मंदा उठली, पाणी देऊन आली, बसली, आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं बोलू लागली. आपण उठलो होतो हे तिला ठाऊकच न्हाई.”

खाली एक रेघ ओढलेली. आणि पुढच्या पानावर कादंबरीचं पहिलं वाक्य.

माझ्या डोळ्यांपुढं आधी काहीच आलं नाही. मला वाटलं, ही कुणाबद्दल लिहून राहिली? कोण मंदा? मग हळूहळू आवाज आठवला. स्टीलचा गिलास शहाबादी फरशीवर. टण, टण. सत्तावीस वर्षं. हे बी-बियाणाच्या दुकानातून दुपारी घरी येतात, ताटावर बसतात, आणि टण, टण. मी त्याला आवाज असं कधी म्हटलंच नव्हतं. कुकरच्या शिट्टीला तरी आपण शिट्टी म्हणतो.

आणि तू! तू ते बघितलंस, एकदा नाही, महिन्याच्या महिन्याला. माझ्या हातचं खात बघितलंस. पाचशे स्वयंपाकघरं हिंडलीस तू लसीचा डबा घेऊन, आणि उचललंस ते माझंच! माझ्या लग्नातलं तुझं ते कुजबुजणं, माझ्या आईचं लुगडं, माझा नवरा, माझी फरशी. घेतलंस ते घेतलंस, वर मला वाचायलाही तूच दिलंस. “तूच खरी पारखी,” म्हणालीस. आणि मी माझ्याच संसाराची चिरफाड करून, तो तुझा म्हणून पन्नास लोकांना वाचून दाखवला, तेव्हा टाळ्या वाजवल्यास. लोकांनी भाऊजींना शाळेत ‘अंतरपाट गुरुजी’ नाव पाडलं, मला उशिरा कळलं. तू तेव्हाही बोलली नाहीस. डायरीत आहे ना ते, “मंदा चुकली तेच बरं झालं. कुणाचं लक्ष तिच्या घराकडं जाणार न्हाई. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले, राहू दे, ताईंचं नाव झाकलं जातंय ना.”

तुम्ही दोघांनी मला झाकलं. कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का झाकण? एक सरळ माणूस नाव घालवून बसला, एक पोरगी बापाला पारखी झाली, आणि मी मधोमध विदुषी म्हणून मिरवले. हा मोठेपणा आहे का, लीले? मला तरी हा दगा वाटतो. लाडानं केलेला, पण दगाच. आणि डायरी द्यायची ती मेल्यावर, म्हणजे मी तावातावानं येईन तेव्हा समोर नुसता हार घातलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला आले. मी ठरवलं होतं, आज लक्ष ठेवायचं. वाढलं, आत येऊन बसले, कान तिकडं लावून. मग पोळ्यांवर झाकण ठेवायचं राहिलं होतं ते ठेवलं, मिठाची बरणी सरकवली, आणि बघते तर मी माठाजवळ उभी. हातात भरलेला गिलास. टोले कधी वाजले, मी कधी उठले, काही म्हणजे काही नाही. पहारा ठेवून बसले होते गं मी!

तो गिलास घेऊन बाहेर गेले आणि ह्यांच्या समोर बसले. विचारलं, “तुम्ही गिलास का वाजवता?”

“मी?” हे म्हणाले. “मी काहून वाजवीन? तूच तर आणून देते येळेवर.”

खोटं बोलत नव्हते. चेहरा ओळखते मी. गिलासाकडं असं बघत राहिले, जसं तो कुणीतरी परक्यानं ताटाशी आणून ठेवलाय. मी डायरी पुढं केली. वाचली. घास तसाच हातात. “लीलानं लिहिलंय?” म्हणाले. मी सांगितलं की हे सगळं मी छापायला देणार. तेव्हा मात्र भडकले. “येडी झाली का तू? गावात दुकान हाय माझं. लोक काय म्हणतील?”

“देवराव गुरुजींना म्हणाले तेच,” मी म्हटलं.

त्या दिवशी जेवण अर्धं टाकून गेले. चौथ्या दिवशी ताटावरून स्वतः उठले, आत आले, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. “गिलास कुठं ठेवते?” मला हसावं की डोकं आपटावं कळेना. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. मी बोटानं फडताळ दाखवलं. तू असतीस तर तुला तिथंच, भाकरी थापता थापता सांगितलं असतं, आणि तू लोळून हसली असतीस. हेच तर आहे ना. माझ्या घरात काय घडतं ते बघणारी तू एकटी होतीस. आता दोघं आंधळे समोरासमोर बसतो.

आता दोन ओळी तुझ्या लेकीशी बोलते, तू मधे बोलू नको.

रेखा, बाळा, तुझी आई खरं बोलत होती. त्या कादंबरीतली बाई मी आहे. तो गिलास माझ्या घरचा आहे. मी तुझ्या बाबांबद्दल जे लिहिलं त्यातलं एक अक्षर खरं नाही, आणि ‘नाकारेल तितकं खरं’ हे वाक्य तर सगळ्यात खोटं. त्या वाक्यानं कुणालाही फासावर देता येतं. त्या दिवशी तुझ्यासमोर डायरी उघडायला माझे हात धजले नाहीत. मी डायरीच तुला देणार आहे, माझ्याकडं ठेवणार नाही. पण त्याच्या आधी बाबांचा चहा स्टुलावर ठेवू नकोस. हातात दे.

झालं. लीले, तुझ्यावर रागावून रागावून थकले मी. मधूनच तुझे आभारही मानावेसे वाटतात, आणि मग त्याचाच राग येतो. एवढी मोठी कादंबरी माझ्या एका उठण्यावर लिहिलीस. कुणी कुणाकडं इतकं बघतं का? ह्यांनी नाही बघितलं. माझ्या आईनंही नाही. मी बाई, जगातल्या सगळ्या बायकांच्या मनाचे तळ शोधत फिरले, आणि माझा तळ तू जेवता जेवता बघून घेतलास. बघितलंस तर बघितलंस. पण कादंबरी लिहायच्या आधी, निबंधाला टाळ्या द्यायच्या आधी, एवढ्या सगळ्या उपद्व्यापाच्या आधी, एक साधी गोष्ट करायची होती. तू माझ्या शेजारी बसायचीस. मी उठायला लागले की हात धरून खाली बसवायचं होतं. बस, म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांत तुला एवढं जमलं नाही?

हाच तुझ्यावरचा माझा शेवटचा आरोप होता, आणि इथंच मी लेख संपवणार होते.

पण आज सकाळी रेखाला द्यायची म्हणून डायरीला कव्हर घालायला घेतलं. मागच्या पुठ्ठ्याला एक पान चिकटलं होतं. सुरीच्या टोकानं सोडवलं. तुझंच अक्षर, कादंबरीच्या किती तरी आधीचं, जेव्हा ते अजून सरळ होतं.

“आज मंदाकडं. गिलास वाजला तसा मी मंदाचा हात धरला. घट्ट धरला. म्हणलं, बस खाली, दाजीला पाय हायेत. मंदा म्हणली, अगं थांब, आलेच. हात सोडवून गेली. पाणी देऊन आली अन् म्हणली, हां, तर काय सांगत होते मी तुला. धरलेलं तिला आठवलंच न्हाई. मी परत धरला न्हाई. भीती वाटली.”

मला आठवत नाही, लीले. तेव्हापासून दोन्ही मनगटं समोर धरून बसले आहे. कोणता हात होता, तेवढं तरी लिहायचं होतंस.